शेंगांच्या ढिगाखाली

दारात ओल्या शेंगांची पाटी आली की मी आधी एक शेंग फोडते आणि दाणा नाकाशी नेते. मिरजेतल्या आमच्या गल्लीची भाजीवाली आता या प्रकाराला सरावली आहे. "ताई, अत्तर हाय का काय त्ये? घ्या की किलोभर," म्हणून ती हसते आणि आतून नवरा ओरडतो, "झाली का तपासणी? मीठ टाकून उकडायला ठेव आता!" मला हसू येत नाही. ओल्या मातीचा, कच्च्या दाण्याचा तो दुधाळ वास आला आणि त्यात दुसरा कसलाच वास मिसळलेला नाही अशी खात्री झाली, की मगच मी पाटी उतरवून घेते. कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं असं वागावं हे विचित्र आहे, मला कळतं. पण नाक ऐकत नाही.

परवा आईचा फोन आला. "शैले, आयतवारी ये बरं का. शेंगा उपटून ढीग घातल्यात. सोमवारी सुनंदाची टोळी यायची हाय तोडायला."

"येते की. आप्पा काय म्हणतात?"

"काय म्हणत्यात? गप बसल्यात. दात गेलं की गं समदं. कवळी करून आणली, ती हिरड्याला टोचती म्हणून डबीतच असती. औंदा ढीग चाखायचं कुणी?"

"मी चाखते."

"तू चाखून काय उपेग हाय?" आई म्हणाली. मग तिनं पावसाचं विचारलं, मी सांगलीकडं उघडीप आहे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

ढीग चाखणं म्हणजे काय, हे गावाबाहेर कुणाला सांगायला गेलं तर समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. नीट सांगायचं तर मला त्या एका सुगीत जावं लागतं.

आमचं गाव कोरेगावच्या पुढं. नदीकडच्या अंगाला ऊस, वर माळाच्या अंगाला भुईमूग. दसरा झाला की उसाच्या रानात हिरवा काळोख असतो आणि माळाला मात्र सगळं उघडं, लखलखीत. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर चटके देतं, पण सावलीत गेलं की अंगावर शहारा येतो. भुईमुगाचे वेल उपटले की मुळाशी लोंबणाऱ्या शेंगा वर करून त्यांचे ढीग घालतात, दोन-चार दिवस तसेच उन्हात ठेवतात. त्या दिवसांत सगळ्या शिवाराला एक वास असतो. माती, मुळं, वाळत चाललेला पाला, आणि त्याखाली कच्च्या तेलाचा हलका वास. शाळेत असताना मी दप्तर बांधावर टाकून सरळ ढिगात शिरायची. आई ओरडायची की पोट दुखंल, आणि पोट दुखायचंच.

मग टोळी यायची. शेंगा तोडणाऱ्या बायांना आमच्याकडं मजुरी म्हणून तोडलेल्या शेंगांतला वाटा मिळतो. पण तोडता तोडता जे तोंडात जाईल ते वाट्यात धरत नाहीत. ते रानानं दिलेलं. हा रिवाज कुणी घातला माहीत नाही, पण त्याला कुणी बोट लावत नाही. बाया गोल करून बसायच्या, हात चालू, तोंड चालू, गप्पा चालू. टोळीची म्होरकी हौसाकाकू. कपाळावर आडवं कुंकू, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठायची. "ज्याच्या रानात तोंड बंद ठिवाय लागतं तितं माजी टोळी बसायची न्हाई," असं ती दरवर्षी सुरुवातीला बजावायची आणि पहिली शेंग फोडून दाणे तोंडात टाकायची. ती बसली की मग बाकीच्या बसायच्या.

त्या वर्षी मी सांगलीला वसतिगृहात राहून एमएस्सी करत होते आणि परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून सुट्टीत घरी आले होते. अभ्यास कसला, सगळं लक्ष ढिगांखाली. कारण त्या वर्षी ढीग नुसता हलवला तरी खालून काळपट तपकिरी किडे सैरावैरा पळत सुटत आणि दुसऱ्या ढिगाखाली गडप होत. त्यांच्यात बारकी पिल्लंही होती, लालभडक पोटाची. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं. पुस्तकातल्या चित्रातला किडा आपल्याच रानात, आपल्याच पायाशी!

हा बिया शोषणारा ढेकूण. कीटकांच्या पसाऱ्यात तो अर्धपंखी गणातला. पुढच्या पंखाचा निम्मा भाग चामड्यासारखा जाड आणि निम्मा पातळ पापुद्रा, म्हणून अर्धपंखी. त्याला दात नाहीत, चावायला जबडा नाही. तोंडाच्या जागी एक सांध्यांची सोंड, काम नसेल तेव्हा पोटाखाली दुमडून ठेवलेली. ही सोंड तो टरफलातून आरपार दाण्यात खुपसतो, आपली लाळ आत सोडतो, दाणा आतल्या आत पातळ करतो आणि ओढून घेतो. शेंग बाहेरून जशीच्या तशी. फोडली की आत सुरकुतलेला दाणा, जिभेवर ठेवला की खवट. दिवसा तो ढिगाच्या, ढेकळांच्या आडोशाला राहतो आणि ऊन उतरलं की कामाला लागतो. शेंगा घरात गेल्या तर त्यांच्याबरोबर तोही घरात जातो आणि पोत्यांत, शेंगांच्या फटींत अंडी घालतो.

त्याची भावकी मोठी. रुईच्या झाडावर तांबडे-काळे नक्षीदार ढेकूण बसतात, ते त्याचे नातेवाईक. रुईच्या बिया खाऊन तिचं विष ते अंगात साठवतात आणि भडक रंगानं सांगत हिंडतात, आम्हाला तोंड लावू नका. कपाशीवर आणि भेंडीवर बारके राखाडी असतात, चिरडले की घाण वास मारतात. एक मोठ्या डोळ्यांचा आहे, तो तर बी सोडून दुसऱ्या किड्यांनाच खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. जुन्या पुस्तकांत हे सगळे एकाच कुलात नांदत होते. मी शिकायला लागले तोवर त्या कुलाच्या वाटण्या झाल्या होत्या, भाऊ वेगळे निघावेत तसे. रुईवरच्याकडं जुनं नाव राहिलं. आमच्या शेंगेवरच्याला वेगळ्या कुलात टाकलं, जमिनीवर सांडलेल्या बियांवर जगणाऱ्या, मातकट रंगाच्या, पुढच्या मांड्या फुगीर असणाऱ्या किड्यांच्या कुलात. वसतिगृहात मी ही नावं घोकायची तेव्हा शेजारच्या खाटेवरची मुलगी उशी फेकून मारायची.

आप्पांना मी ढीग उचलून हे सगळं दाखवलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन आलेले, पण आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं. त्यांनी वाकून पाहिलं, एक किडा बोटानं उलटा केला आणि म्हणाले, "ढेकूणच हाय की ह्यो. बराकीत लय असायचे. खाटा उनात काढायच्या, पावडर मारायची, दुसऱ्या रोजी झाडून घ्यायचं. खल्लास!"

"आप्पा, हा माणसाला चावत नाही. दाण्यातलं तेल पितो."

"पितो न्हवं? मग त्येच की."

"त्येच कसं? या शेंगा खायच्या आहेत. ढीग पसरा, लवकर तोडून कडक वाळवा, म्हणजे निम्मे पळतील. पावडर-बिवडर काही नको."

"बरं," आप्पा म्हणाले. फौजी माणसाचं बरं. ते ‘तुझं ऐकलं’ याचं असतं की ‘माझं ठरलं’ याचं, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण ते ‘बरं’ इतकं साधं होतं की मी भिंग घेऊन निवांत घरी आले.

त्या शेंगा पुढच्या वर्षीच्या बियाण्याच्या होत्या. शोषलेला दाणा उगवत नाही, आणि बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाणं आप्पांच्या स्वभावात नाही. दिवस मावळायच्या सुमाराला ते गोठ्यातला डबा घेऊन रानात गेले. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीसाठी कधीतरी आणलेली पावडर होती ती. खाटांच्या सांध्यांत मारावी तशी त्यांनी ती ढिगांच्या बुडाला, पोटात, सगळीकडं शिस्तीत मारली. टोळी शनिवारी यायची होती. तोवर झाडून, उन्हं देऊन घेऊ असा त्यांचा हिशेब. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण मधल्या दिवसांत त्या ढिगांना कुणी हात लावणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जरंडेश्वराच्या डोंगरामागून ढग वर आले. परतीचा पाऊस कसा येतो ते आमच्याकडं लहान पोराला पण ठाऊक असतं. काढलेल्या शेंगा भिजल्या की कोंब फुटतात, काळ्या पडतात, सगळं मुसळ केरात. आप्पा ताडपत्री आणायला पहिल्या एसटीनं कोरेगावला गेले. आणि आईनं हौसाकाकूला निरोप धाडला, शनिवार नगं, आत्ताच या.

आई चुकली का? मी कितीदा तरी हे मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

मी रानात पोचले तेव्हा टोळी बसून बराच वेळ झाला होता. वर ढग, खाली वारा पडलेला, अंगाला चिकटणारा उकाडा. पाट्या भरत चालल्या होत्या. हौसाकाकूची सून सुनंदा बाभळीच्या सावलीला बसली होती. तिला सहावा महिना. नवी नवरीच होती ती, माझ्याहून लहान. तिला कवळ्या शेंगांचे डोहाळे, म्हणून बाया आपल्या ढिगातल्या कवळ्या निवडून तिच्या ओट्यात टाकत होत्या. "खा गं, पोर गोरी व्हती," म्हणून चिडवत होत्या. आई चहाची किटली आणायला घरी गेली होती.

मी शेवटच्या ढिगापाशी उकिडवी बसले आणि एक किडा उचलला. मला त्याच्या डोक्यावरचे साधे डोळे बघायचे होते. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे दोन बारके मणी असतात. कपाशीवरच्या तांबड्या ढेकणांना ते नसतात. परीक्षेत हमखास विचारतात. किडा हातातून पळाला नाही याचं मला बरं वाटलं. मग दुसरा उचलला, तोही पळाला नाही. ढीग बाजूला केला तर खाली कितीतरी पडले होते, उताणे, काही पाय झाडत होते, लाल पोटाची पिल्लं गोळा होऊन निपचित. मी भिंग डोळ्याला लावलं. डोक्यावर मणी दिसेनात. मण्यांवर करड्या रंगाची भुकटी बसली होती. सोंडेवर भुकटी, पायांच्या केसांत भुकटी. मी माझ्या बोटाकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं, शेंगांच्या चोचीत साचलेली ती करडी रेघ पाहिली. आणि मग तो वास आला.

मी काय ओरडले मला आठवत नाही. हौसाकाकू नंतर सांगायची की मी नुसतं "थुंका, थुंका" म्हणत पळत आले आणि तिच्या हातावर फटका मारला. बाया आधी हसल्या. मग कुणी तरी माझं तोंड पाहिलं असावं.

"काय झालं गं? साप हाय का?"

"पावडर मारलीय! खाऊ नका! तोंडातलं टाका! हात धुवा!"

"कुणी मारलीया?"

आमच्या रानात आप्पांशिवाय कोण मारणार?  हौसाकाकूनं तोंडातला चोथा हातावर घेतला, त्याच्याकडं पाहिलं आणि तशीच वळून बाभळीकडं धावली. सुनंदाच्या ओट्यात टरफलांचा ढीग होता. ती म्हणत होती, "मला काय न्हाई झालं आत्या, नुसतं उकडतंय." तिचा चेहरा घामानं निथळत होता आणि तोंडाच्या कडेनं लाळ येत होती. तिला ती कळत नव्हती. पुसली की परत येत होती.

वस्तीवरची जीप मिळाली. मी गोठ्यात जाऊन डबा शोधून आणला, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारणार. कागद निम्मा खरवडून गेलेला. औषधाचं नाव असतं तिथं शेणाच्या हाताचा वाळका ठसा. खाली विषाची खूण तेवढी शिल्लक होती, तांबडा त्रिकोण. रुईवरचा किडा आपलं विष पाठीवर मिरवतो. हे आमचं विष गोठ्यात दाव्यांच्या मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवलेलं.

कोरेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डबा उलटसुलट केला. "नाव काय औषधाचं? कुणाला माहीतय?" आप्पांचा फोन लागत नव्हता. सुनंदाला आत घेतलं होतं, तिला उलट्या सुरू झाल्या होत्या, दुसऱ्या दोघी बायाही भिंतीला टेकून ओकत होत्या. हौसाकाकू दाराशी उभी. मी परत परत बटण दाबत होते. त्या वेळेएवढी लांब वेळ मी आयुष्यात काढलेली नाही. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही कीटकशास्त्राच्या ना? वासावरून सांगता येईल?" मला किड्याची सोंड किती सांध्यांची ते सांगता आलं असतं. हे येत नव्हतं.

आप्पांना बाजारात कुणी तरी सांगितलं असावं. ते आले ते खांद्यावर नव्या ताडपत्रीची गुंडाळी तशीच घेऊन, धापा टाकत. डॉक्टरांपुढं गेले, टाचा जुळल्या, आणि त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, कधी आणलं ते सांगितलं, किती मारलं ते सांगितलं. सगळं खड्या आवाजात, साहेबापुढं सांगावं तसं. डॉक्टर आत पळाले. आप्पा तसेच उभे राहिले. हौसाकाकू त्यांच्यासमोर आली.

"मेजर, सांगितलं का न्हाई?"

आप्पांच्या खांद्यावरून ताडपत्री घसरली.

"सांगायचं ऱ्हायलं, हौसाबाय."

"ऱ्हायलं व्हय?" ती म्हणाली. मग परत दाराशी जाऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आप्पा आईला एकदा म्हणाल्याचं मी ऐकलं आहे.

त्या दोघी बाया दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. सुनंदाला आधी साताऱ्याला नेलं, मग ती जरा सावरल्यावर पोटातल्या बाळाचं बघायला मिरजेला. सुनंदा वाचली होती. बाळाचे ठोके चालू आहेत एवढंच सांगत होते. पुढचं आत्ता सांगता येत नाही, म्हणत होते. मिरजेला मीच बरोबर होते. स्टेशनवर उकडलेल्या शेंगांचे ढीग लावून पोरं ओरडत होती आणि सुनंदानं नाकाला पदर लावून तोंड फिरवलं होतं.

माझी परीक्षा त्याच दिवसांत. प्रात्यक्षिकाला ताटल्यांत टाचणीला टोचलेले नमुने मांडून ठेवतात, नाव, गण, कुल आणि ओळखीची खूण लिहायची. चौथ्या-पाचव्या ताटलीत तो होता. मातकट, फुगीर मांड्यांचा. डोक्यावरचे दोन मणी स्वच्छ दिसत होते, त्यांच्यावर काही नव्हतं. मी सगळं बरोबर लिहिलं. परीक्षक बाईंनी मागून विचारलं, "हा कुठं पाहिलायस का प्रत्यक्ष?" मी हो म्हटलं आणि मला रडू फुटलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं पेपर अवघड गेला.

गावाकडं आप्पांनी त्या रानातल्या सगळ्या शेंगा, पाल्यासकट, बांधाच्या कोपऱ्यात खोल खड्डा खणून पुरल्या. गड्याला हात लावू दिला नाही. जनावरं पाल्याच्या वासानं हंबरत होती, त्यांना आईनं आत बांधून घातलं. बियाणंही त्यातच गेलं. पाऊस शेवटी आलाच नाही. ढग नुसतेच दोन दिवस डोक्यावर बसले आणि निघून गेले.

आणि मग थंडी. त्या थंडीचं मला फारसं काही आठवत नाही.  आप्पा रोज सकाळी हौसाकाकूच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे. आत गेले नाहीत कधी. सुनंदा बाळंत झाली त्या दिवशी आई धावत घरी आली आणि दारातूनच ओरडली, "पोरगी झाली! हातपाय समदं झ्याक हाय, रडतीय नुसती!" आप्पा खाटेवर बसले होते. ते उठले, गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या सुगीला टोळी येईल असं वाटलं नव्हतं. आली. बायांना काम सोडून चालत नव्हतं आणि आम्हाला बाया सोडून. पण त्या बांधावरच उभ्या राहिल्या. हौसाकाकू पहिली शेंग फोडेना. तेव्हा आप्पा पुढं झाले. फौजेत लंगरचं जेवण जवानांना वाढायच्या आधी साहेब चाखून बघतो, तसं त्यांनी प्रत्येक ढिगाच्या बुडातली एक शेंग काढली, न धुता फोडली, दाणे खाल्ले. एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडं, सगळ्यांदेखत. मग बाजूला जाऊन बसले. बाया खाली बसल्या आणि तोडायला लागल्या. खाल्लं मात्र कुणीच नाही. हात चालू, तोंडं बंद. आमच्या रानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, टरफलांचा नुसता खसखस आवाज.

तेव्हापासून दरवर्षी हेच. आप्पा चाखतात, बाया बसतात, कुणी खात नाही. ढिगाखालचे किडे येतच राहिले. त्यांना कुणी पावडर मारली नाही. आम्ही ढीग लहान घालतो, लवकर तोडतो, घरात न्यायच्या आधी शेंगा कडक वाळवतो. थोडे दाणे खवट निघतात. आप्पा चाखताना खवट दाणा आला तरी थुंकत नाहीत, तोंड वाकडं न करता गिळतात, कारण सगळ्यांची नजर त्यांच्याकडं असते. हौसाकाकू चार वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत तिनं आमच्या रानातला दाणा तोंडात टाकला नाही. आता टोळी सुनंदाची.

तर रविवारी मी मिरजेहून रेल्वेनं कोरेगावला उतरले. सोमवारी सकाळी रानात गेलो. ढग नव्हते, तरी आई सारखी डोंगराकडं बघत होती. आप्पा बांधावर खुर्चीत, डोक्याला टॉवेल, हातात काठी. वर्षभरात किती वाळले आहेत! गालांचे पार खळगे झाले आहेत. बाया आल्या आणि नेहमीसारख्या बांधाला उभ्या राहिल्या. सुनंदा पुढं. कमरेला पदर खोचलेला, कानांपाशी पांढरे केस.

आप्पा काठी टेकत पहिल्या ढिगाशी गेले. वाकले, बुडातली शेंग काढली. बोटांनी दाबली तरी शेंग फुटेना. मी पुढं झाले तर त्यांनी हातानंच थांब म्हटलं. शेवटी फुटली. दाणा तोंडात गेला. हिरड्यांनी ते तो या गालातून त्या गालात फिरवत राहिले. वाळत आलेला दाणा तो, कसा चावणार? गिळायला गेले आणि ठसका लागला. दाणा बाहेर आला, ओला, अख्खा. त्यांनी तो तळहातावर धरला आणि त्याच्याकडं बघत उभे राहिले. बाया बघत होत्या. 

"मी खाते," मी म्हटलं. 

"तू नगं," सुनंदा म्हणाली.

ती बांधावरून खाली उतरली. एक चपटा दगड उचलला, पदरानं पुसला. दुसरा त्याहून लहान घेतला. ढिगाच्या अगदी बुडात हात घालून तिनं शेंगा काढल्या, फोडल्या, दाणे दगडावर ठेवून ठेचले. चांगले बारीक, पोराला भरवायला ठेचावेत तसे. मग आप्पांना दंडाला धरून खुर्चीकडं आणलं, बसवलं आणि तो चुरा त्यांच्या हातावर ठेवला.

"घ्या मेजर. आता जाईल घशाखाली."

आप्पांनी हात तोंडाला लावला. चुरा गेला. ते दुसऱ्या ढिगाकडं जायला म्हणून उठायला लागले. सुनंदानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं.

"बसा आता. लय चाखलं तुमी."

ती वळली. दुसऱ्या ढिगाशी गेली, एक शेंग काढली, फोडली, आणि दाणे सरळ आपल्या तोंडात टाकले. आईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. सुनंदा सावकाश चावत होती. तिनं गिळलं. जिभेनं दात चाचपले, खाली वाकून दुसरी शेंग घेतली, तीही फोडली.

"एक खवट लागला," ती म्हणाली. "दुसरा गोड हाय. बसा गं समद्या, उनं वाढायला लागली."

बाया ढिगांभोवती बसल्या. कुणी तरी शेंग फोडल्याचा आवाज आला, मग आणखी एक. आप्पांच्या तळहातावर चुऱ्याचे दोन कण चिकटले होते. त्यांनी ते जिभेनं टिपून घेतले आणि टॉवेल डोळ्यांवरून खाली ओढला. पलीकडून सुनंदानं एक शेंग माझ्याकडं भिरकावली. मी ती फोडून खाल्ली, आणि वास घ्यायचा राहिला हे मला गिळल्यावर आठवलं.